ट्रॅकच्या गाडीला कार्बनचे छत : पत्रा कापण्याआधी कडेचा विचार

प्रश्न थोडक्यात असा आहे. समुद्रकाठच्या हर्णैजवळ राहणाऱ्या एका वाचकाकडे पहिल्या पिढीची जुनी स्विफ्ट आहे. ती रस्त्यावर चालवणे त्यांनी बंद केले असून आता ती केवळ ट्रॅकसाठी तयार करायची आहे. छताचा लोखंडी पत्रा काढून त्या जागी कार्बन फायबरचे छत बसवावे, असे त्यांच्या मनात आहे. एका गॅरेजवाल्याने त्यांना सांगितले आहे की, ग्राइंडरने पत्रा कापू, तयार पॅनेल आणू, काच बसवायच्या गोंदाने ते चिकटवू, वरून चारी बाजूंना पॉप रिव्हेट मारू आणि दोन दिवसांत गाडी हातात देऊ. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत : वजन किती कमी होईल, बॉडी कमजोर होईल का, आणि गोंद कोणता वापरावा.

मी मूळचा होड्यांचा माणूस आहे. रत्नागिरीच्या आसपास फायबरच्या मासेमारी होड्या बांधण्यात आणि दुरुस्त करण्यात माझी पहिली बारा-तेरा वर्षे गेली. गाड्यांचे बॉनेट, डिकीची झाकणे आणि छते ही कामे नंतर आली. त्यामुळे उत्तर देताना मी प्रश्नाचा क्रम थोडा बदलणार आहे. आपले तिन्ही प्रश्न रास्त आहेत, परंतु ते सारे छताच्या मधल्या भागाविषयी आहेत; काम मात्र फसते ते छताच्या कडेला. कार्बनचा चांगला पॅनेल आज पैसे मोजले की मिळतो. तो पॅनेल आणि लोखंडी बॉडी यांच्यामध्ये जी बोटभर रुंदीची, सुमारे पाच मीटर लांबीची पट्टी असते, तिच्यात काय भरले आहे, ती उन्हात कशी वागते आणि खाऱ्या वाऱ्यात किती टिकते, यावर सगळे काम उभे असते.

तरीही आधी वजनाचा हिशेब करू, कारण तो केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. अशा हॅचबॅकच्या छताचे क्षेत्रफळ ढोबळमानाने दीड चौरस मीटर धरले, पत्र्याची जाडी ०.७ मिलिमीटर धरली आणि पोलादाची घनता ७.८५ घेतली, तर पत्र्याचे वजन सव्वाआठ किलोच्या आसपास भरते. कडेने पत्र्याची तीनेक सेंटिमीटरची पट्टी ठेवावी असे मी पुढे सांगणार आहे, तिचे सुमारे आठशे ग्रॅम गाडीवरच राहतील. आत फोमचा गाभा असलेला कार्बनचा नीट बनवलेला पॅनेल चौरस मीटरला दोन किलोच्या घरात जातो, म्हणजे तीन किलो झाले. गोंद साडेचारशे ग्रॅम. उरलेली बचत जेमतेम चार किलोची आहे. चार किलो म्हणजे साडेपाच लिटर पेट्रोल. ट्रॅकवर आठ-दहा फेऱ्या मारल्या की एवढे वजन गाडी स्वतःहूनच उतरवते.

हे वजन उंचावरचे असल्यामुळे त्याला जास्त मोल आहे, हे खरे आहे. गाडी एक हजार किलोची, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५३० मिलिमीटरवर आणि छत १४५० मिलिमीटरवर धरले, तर छतावरून चार किलो काढल्याने गुरुत्वमध्य पावणेचार मिलिमीटरने खाली येतो. वळणावर बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार त्यामुळे पाऊण टक्क्याच्या आसपास कमी होतो. स्प्रिंग बदलून गाडी दहा मिलिमीटर खाली घेतली, तर याहून अधिक फरक अर्ध्या दिवसाच्या कामात आणि एक इंचही पत्रा न कापता पडतो. बीएमडब्ल्यूने २००३ साली एम३ सीएसएल या गाडीला कार्बनचे छत दिले, त्याचा दाखला पुष्कळ जण देतात. त्या छताची बचतही एक आकडी किलोंतलीच होती. परंतु त्या गाडीत इतर सगळीकडचे वजन आधी काढून झाले होते आणि छत हा त्या यादीतला एक घटक होता. आपल्या गाडीत मागची सीट, स्टेपनी, तळाला चिकटवलेले आवाजरोधक डांबरी थर, छताचे आतले अस्तर आणि मागच्या दारांच्या काचा अजून जागेवर असतील, तर छताला हात लावण्याची वेळ आलेली नाही. एकट्या स्टेपनीचे वजन या बचतीच्या तिप्पट भरते.

हे सगळे काढून झाले आहे असे समजून मी पुढे लिहितो.

बॉडी कमजोर होईल का, याचे सरळ उत्तर ‘होय, होईल’ असे आहे. किती होईल, ते मात्र गाडीत रोल केज, म्हणजे आतून बसवलेला नळ्यांचा संरक्षक सांगाडा, आहे की नाही आणि तो कसा जोडला आहे यावर अवलंबून आहे. आपल्या भागात हापूसची लाकडी पेटी सगळ्यांनी हाताळलेली असते. वरच्या फळ्या ठोकण्याआधी ती पेटी दोन कोपऱ्यांना धरून पिळून पाहावी. ती सहज तिरकी होते, खिळे कुरकुरतात. वरच्या फळ्या ठोकल्या की तीच पेटी ट्रकच्या तळाशी दहा थर अंगावर घेते. झाकणाची फळी स्वतः काही फार मजबूत नसते, परंतु ती चारी कोपऱ्यांना एकमेकांपासून सरकू देत नाही. मोनोकॉक बॉडीत, म्हणजे वेगळी चासी नसून पत्र्याची बॉडीच भार पेलते अशा गाडीत, छताचा पत्रा नेमके हेच काम करतो. तो वरून दाबला तर अंगठ्यानेही आत जातो, पण बॉडीला पीळ बसू लागला की त्याच्या अंगभर ताण पसरतो आणि तो बॉडी सरळ ठेवतो. कापून त्या जागी मऊ गोंदावर पॅनेल बसवला, तर फळी ठोकण्याऐवजी सुतळीने बांधल्यासारखे होते. काही मदत मिळते, पण पूर्वीची नाही.

म्हणून केज नसलेल्या गाडीचे छत मी कापत नाही. दोनदा गिऱ्हाईक परत पाठवले आहे. केज असला तरी तो नुसता बोल्टने तळाला आवळलेला असून चालत नाही. पुढचे पाय विंडस्क्रीनच्या खांबांना आणि मुख्य कमान मधल्या खांबांना पत्र्याच्या त्रिकोणी तुकड्यांनी वेल्ड केलेली असली पाहिजे, आणि वर छताखाली तिरका दांडा असला पाहिजे, कारण पत्रा जे काम करत होता ते आता त्या तिरक्या दांड्याने करायचे आहे. नळीच्या मापाविषयी गॅरेजवाल्याच्या अंदाजावर विसंबू नये. एफआयए या जागतिक मोटार क्रीडा संघटनेच्या परिशिष्ट ‘जे’मधील कलम २५३ मध्ये मुख्य कमानीसाठी ४५ मिमी व्यासाची २.५ मिमी जाडीची किंवा ५० मिमी व्यासाची २ मिमी जाडीची, जोड नसलेली, थंड ओढलेली कार्बन स्टीलची नळी सांगितली आहे. बाजारात मिळणारी जोडाची पाण्याची किंवा फर्निचरची नळी त्याच मापाची दिसते, पण गाडी उलटली की ती शिवणीवर उघडू शकते. गाडी उलटल्यावर चालकाला छताचा पत्रा वाचवत नाही, आणि कार्बनही वाचवत नाही. वाचवतो तो केज.

छताखाली आडव्या पट्ट्या असतात, त्यांचेही येथेच सांगून टाकतो. पुढची पट्टी विंडस्क्रीनच्या माथ्याशी आणि मागची डिकीच्या बिजागऱ्यांशी असते. या दोन्ही बॉडीच्या हाडांत मोडतात, त्यांना कधीही हात लावू नये. मधल्या खांबांच्या रेषेत जी पट्टी असते तीही ठेवावी, कारण बाजूने धडक बसली तर दोन खांबांमधला तो आडवा टेका असतो. उरलेल्या हलक्या पट्ट्या फक्त पत्रा थरथरू नये म्हणून असतात. पॅनेल ताठ असेल तर त्या काढता येतात.

पॅनेल विकत घ्या किंवा बनवून घ्या, त्यात दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिली म्हणजे धाग्यांची दिशा. दिसायला सुंदर म्हणून पुष्कळ जण ट्विल विणीचे कापड गाडीच्या लांबीला सरळ घालून सगळे थर तसेच लावतात. कार्बनचा धागा आपल्या लांबीच्या दिशेलाच ताठ असतो. पीळ मात्र तिरका येतो. तिरका धागा नसेल तर तो ताण धागे बांधून ठेवणाऱ्या नुसत्या रेझिनवर पडतो आणि पॅनेलचा ताठपणा कित्येक पटींनी घटतो. मी बाहेरचा थर शोभेसाठी सरळ ठेवतो, त्याखाली ४५ अंशांत एक थर, मग तीन मिलिमीटरचा पीव्हीसी फोम, मग पुन्हा ४५ अंशांचा आणि शेवटी सरळ. दोन्ही बाजूंना थर सारखे ठेवले नाहीत तर पॅनेल साच्यातून निघाल्यावर पापडासारखा वळतो. दुसरी गोष्ट म्हणजे फोम कडेपर्यंत नेऊ नये; कडेपासून पाचेक सेंटिमीटर अलीकडे तो उतरता करून संपवावा आणि कड भरीव कार्बनची ठेवावी, म्हणजे गोंदाला पक्की जागा मिळते आणि फोममध्ये पाणी शिरायला वाट राहत नाही. जुन्या पत्र्यावरच कार्बनचा एक थर चिकटवून देतो असे कोणी म्हटले, तर ते केवळ सजावटीचे काम समजावे. वजन कमी करायला निघून वाढवून परत येणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

आता गोंदाकडे येतो. येथे लोकांची भीती चुकीच्या ठिकाणी असते. ‘वाऱ्याने छत उडाले तर?’ हा मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न आहे. ताशी १६० किलोमीटरला छतावर वरच्या दिशेने जी ओढ बसते ती ढोबळ हिशेबाने हजार न्यूटनच्या, म्हणजे शंभर किलोच्या आसपास येते. ऐकायला ती मोठी वाटते. पण पाच मीटर लांब आणि २५ मिलिमीटर रुंद अशा पट्टीवर ती वाटली, तर दर चौरस मिलिमीटरला न्यूटनचा शंभरावा हिस्साही वाट्याला येत नाही, आणि काच बसवायचा साधा पॉलियुरेथेन गोंदही नीट चिकटला असेल तर याच्या शेकडो पट ताण सोसतो. म्हणून रिव्हेटची गरज ताकदीसाठी नाही. जो गोंद सुटतो, तो ताकद कमी पडली म्हणून सुटत नाही. त्याच्या खालचा पत्रा गंजला म्हणून किंवा पॅनेल उन्हात सरकायला पाहत होता आणि गोंदाने त्याला सरकू दिले नाही म्हणून सुटतो.

सरकण्याचे गणित असे आहे. पोलाद एका अंश सेल्सिअसला मीटरमागे बारा मायक्रॉन वाढते. असा कार्बनचा पॅनेल दोन-तीनच वाढतो. वैशाखातल्या पहाटे गाडी पंचवीस अंशांवर असते आणि दुपारी काळे छत सहज पंच्याहत्तरला जाते. १३०० मिलिमीटर लांबीच्या छतात या पन्नास अंशांत दोन्ही पदार्थांमध्ये सुमारे ०.६ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे प्रत्येक टोकाला ०.३. गोंदाचा थर तीन मिलिमीटर जाड आणि रबरासारखा लवचीक असेल, तर त्याला हा दहावा हिस्सा सरकावे लागते, आणि ते तो वर्षानुवर्षे रोज करू शकतो. तोच थर कडक एपॉक्सीचा आणि ०.३ मिलिमीटरचा असेल, तर त्याने आपल्या जाडीइतके सरकावे अशी आपली अपेक्षा असते, जी कोणताही कडक गोंद पुरी करत नाही. मग एकतर पॅनेल फुगतो, किंवा पत्रा लाटेसारखा होतो, किंवा जोड कोपऱ्यातून उकलत जातो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझे पहिलेच कार्बनचे छत मी मे महिन्यात कडक एपॉक्सीने बसवले. होडीच्या कामात एपॉक्सीने कधी दगा दिला नव्हता, कारण होडीत दोन्ही बाजूंना फायबरच असते आणि दोन्ही सारखेच वाढते, हे माझ्या ध्यानातच आले नाही. शिवाय एका अनुभवी मानल्या जाणाऱ्या कारागिराच्या सल्ल्याने, गोंद वाळेपर्यंत धरून राहावे म्हणून, चार कोपऱ्यांत आठ ॲल्युमिनियमचे रिव्हेट मारले. पंधरा दिवसांत दुपारच्या तिरप्या उन्हात कडेची लाट दिसू लागली. गाडीमालक भला माणूस, तो म्हणाला राहू द्या. पाऊस झाला, गणपती झाले, आणि दिवाळीच्या सुमारास गाडी परत आली तेव्हा विंडस्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यातून तांबूस ओघळ काचेवर उतरलेला होता. रिव्हेटांची डोकी पांढऱ्या भुकटीने भरली होती; नखाने टोकरले तर एक डोके सरळ हातात आले. काचवाले जी कापायची तार वापरतात ती घेऊन मी कड उघडली. गोंद कार्बनला घट्ट चिकटलेला होता, आणि त्या गोंदाला लोखंडाच्या गंजाची पातळ खपली, पापुद्र्यासारखी, पूर्ण लांबीची चिकटून आली. गोंद सुटला नव्हता. त्याच्याखालचे लोखंड निघून गेले होते.

कारण सरळ आहे. कार्बनचा धागा विजेचा वाहक आहे आणि गंजण्याच्या बाबतीत तो सोन्या-प्लॅटिनमच्या पंगतीला बसतो. स्वतः तो गंजत नाही, पण लोखंडाला किंवा ॲल्युमिनियमला टेकला आणि मध्ये खारट ओल आली, की बॅटरीच्या दोन टोकांसारखी जोडी तयार होते आणि खर्ची पडतो तो धातू. पुण्याला किंवा कोइमतूरला ही जोडी वर्षे काढते, कारण मध्ये मीठ नसते. हर्णैला रात्रभर उघड्यावर ठेवलेल्या गाडीच्या काचेवर सकाळी बोट फिरवून जिभेला लावून पाहा. मी काय म्हणतो ते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

यावरचे उपाय महागडे नाहीत, फक्त त्यांना वेळ द्यावा लागतो. पॅनेलच्या खालच्या बाजूला, जिथे गोंद येणार तिथे आणि त्याच्या पुढे-मागे दोन सेंटिमीटरपर्यंत, काचेच्या फायबरचा एक पातळ थर पॅनेल बनवतानाच घालून घ्यावा. काच वीज वाहू देत नाही. पॅनेलची कापलेली कड उघडी ठेवू नये, ती रेझिनने बंद करावी, कारण कापल्या जागी धाग्यांची टोके उघडी असतात. पत्र्याच्या पट्टीला आधी गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन मगच घासावे. मीठ तसेच ठेवून घासले तर ते ओरखड्यांत रुतून बसते आणि वरून कितीही चांगला प्रायमर मारला तरी आतून फोड येतात. घासलेल्या उघड्या लोखंडावर त्याच तासात एपॉक्सी प्रायमर गेला पाहिजे, कारण आपल्याकडे सकाळी चकचकीत केलेला पत्रा जेवून येईपर्यंत तांबूस होतो. गोंद मागताना कमी वीज वाहणारा प्रकार मागावा. काच बसवायचे काळे गोंद काजळीमुळे थोडीफार वीज वाहू शकतात, आणि ॲल्युमिनियम बॉडीच्या गाड्यांसाठी त्यांचा न वाहणारा प्रकार मिळतो. थराची जाडी राखायला तीन मिलिमीटरचे रबराचे ठोकळे हातभर अंतरावर चिकटवावेत. आणि रिव्हेट एकही नको. गोंद वाळेपर्यंत पॅनेल धरून ठेवायला वाळूच्या पिशव्या आणि दारांतून घेतलेले पट्टे पुरेसे असतात.

कडेला पत्र्याची पट्टी का ठेवायची, हेही यातच येते. पत्रा गटरमधल्या (छताच्या दोन्ही बाजूंच्या खाचेतल्या) स्पॉट वेल्डपासून पूर्ण सोडवला तर आणखी आठशे ग्रॅम वाचतात आणि पॅनेल बाजूच्या पत्र्याशी सपाट बसतो. दिसायला ते काम सरस आहे. पण मग कारखान्यात झालेले चाळीस-पन्नास वेल्ड आणि त्यांच्यामधला सीलर उघडा पडतो, आणि विंडस्क्रीनची वरची कड ज्या पत्र्यावर टेकते तोही जातो. पट्टी ठेवली तर पॅनेल चारेक मिलिमीटर वर दिसतो, पुढच्या कडेला सीलरचा उतार करून द्यावा लागतो, पण काच आपल्या मूळ जागी लोखंडावर बसते आणि उद्या पॅनेल फुटला तर कड कापून दुसरा बसवता येतो. समुद्रालगतच्या गाडीसाठी मी आठशे ग्रॅम सोडून देतो.

हवामानाविषयी एक गमतीची गोष्ट आहे. एकाच कामातले दोन पदार्थ दमट हवेशी अगदी उलट वागतात. काचेचा एकघटकी गोंद हवेतली ओल घेऊनच घट्ट होतो, त्याला आपली हवा मानवते. एपॉक्सी रेझिनवर मात्र दमट हवेत मेणचट थर येतो आणि त्यावर लावलेला पुढचा थर किंवा रंग सुटून येतो. होड्यांची बरीचशी कामे जून-जुलैत, मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत, होड्या किनाऱ्यावर असताना येतात आणि ती ताडपत्रीखाली करावीच लागतात. त्या पावसाळी कामांतली किती आश्विनात पुन्हा उघडली, याची मी मोजदाद ठेवणे सोडून दिले आहे. आपल्याला तशी घाई नाही. पॅनेलचे काम पौष-माघात करावे, तेही दव उडून गेल्यावर, अकरा ते चारच्या दरम्यान. पत्रा स्पर्शाला कोरडा लागला म्हणजे कोरडा असतोच असे नाही. त्याचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश अधिक हवे, हा रंगकामातला जुना नियम येथेही लागू आहे.

पॅनेल बाहेरून घेत असाल तर तो कोणत्या तापमानाला पक्का केला आहे, हे लेखी विचारावे. घरच्या तापमानाला वाळलेले साधे एपॉक्सी साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, आणि आपले काळे छत दुपारी त्याच्या वर जाते. मग कापडाची वीण पृष्ठभागावर उमटते आणि पॅनेल आपल्याच वजनाने बसतो. मी पॅनेल साच्यात असतानाच प्लायवूडच्या पेटीत हीटर आणि पंखा लावून, तापमान हळूहळू चढवत, आठ तास ऊब देतो. आणि माझे ऐकाल तर छताला पांढरा रंग द्या. कार्बनची वीण दिसावी म्हणून लोक क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, मारतात, त्यात उन्हापासून रक्षण करणारा घटक नसेल तर दोन उन्हाळ्यांत ती पिवळी पडते. पांढऱ्या छताखाली हेल्मेट घालून वीस मिनिटे बसणाऱ्याला फरक विचारावा.

कामाचा क्रम उलटा करू नये. केज आधी, मग शाबूत छतावरून साचा, मग पॅनेल, आणि पॅनेल हातात येऊन गाडीवर ठेवून पाहिल्यावरच कापणे. कापताना गाडी चारही चाकांवर सपाट जमिनीवर उभी असावी. दोन खांबांच्या लिफ्टवर टांगलेल्या गाडीचे छत कापले तर ती जशी वाकलेली असेल तशीच कायमची चिकटते. कापण्याआधी विंडस्क्रीनच्या चौकटीचे आणि दारांच्या चौकटींचे कर्ण फितीने मोजून भिंतीवर लिहून ठेवावेत आणि गोंद लावण्याआधी पुन्हा मोजावेत. दोन मिलिमीटरचा फरक आला तरी थांबावे. काचा आधी काढाव्यात, कारण ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात, आणि बॅटरी सोडवावी. कार्बन घासताना मास्क लावावा. ती धूळ अंगालाही खाजते.

नियमांचे थोडक्यात. स्पर्धेत उतरायचे असेल तर आपल्या वर्गाचे एफएमएससीआयचे (देशातल्या मोटार क्रीडा संघटनेचे) चालू नियम आधी वाचून घ्यावेत, कारण मूळ बॉडीचा पत्रा बदलण्यास बऱ्याच वर्गांत मनाई असते, आणि तपासणी अधिकाऱ्याने पहिल्याच दिवशी गाडी परत पाठवली तर हे सगळे वाया जाते. ही गाडी रस्त्यावर पुन्हा आणू नये. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत असे बदल करता येत नाहीत. कोकणात ट्रॅक नाही, कोइमतूरचा कारी ट्रॅक असो वा चेन्नईचा, गाडी ट्रेलरवरूनच जाणार आहे. तेव्हा हा अडथळा आपल्याला नडणार नाही.

या सगळ्याच्या आधी येत्या रविवारी एक काम करावे. छताचे आतले अस्तर काढावे, दोन्ही बाजूंच्या गटरमधली रबरी पट्टी उचलावी आणि तिच्याखालचा सीलर, विशेषतः चार कोपऱ्यांत, स्क्रू ड्रायव्हरने खरवडून पाहावा. सीलर ओढून निघत असेल आणि खाली राखाडी, निरोगी पत्रा दिसत असेल, तर वरचे सगळे आपल्या उपयोगाचे आहे. समुद्रकाठी इतकी वर्षे काढलेल्या गाडीत बहुधा एक-दोन कोपऱ्यांत सीलर फुगलेला असेल. तेथे हलकेच टोचावे. स्क्रू ड्रायव्हर आत गेला, तर कार्बनची चौकशी तूर्त थांबवून चांगला पत्राकाम करणारा माणूस शोधावा. गटर कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्यावा, त्याला एक पावसाळा काढू द्यावा, आणि मग पुढच्या पौषात पुन्हा लिहावे.